डाव्या कोपऱ्यातला पांढरा दोरा

प्रभा लघाटे. आधी हे नाव लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना अडणार नाही. भोपाळमध्ये मी आज ज्या टेबलाशी उभी राहून कापड कापते ते टेबल त्यांचं, ती जड कात्री त्यांची, आणि समोरच्याच्या तोंडावर "हे मी केलंय" किंवा "हे माझं नाही" म्हणायची जी थोडीफार हिंमत माझ्यात आहे, तीही त्यांच्याकडूनच आलेली. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्याही नाहीत. त्या ग्वाल्हेरच्या, मी मेहकरकडची. नववी अर्धी टाकून शाळा सोडलेली बाई मी, त्यामुळे लिहिताना वाकडंतिकडं होईल. झालं तर ते माझं. त्यांच्यावर ढकलू नये.

माझी गोष्ट इथे फार नको, पण थोडी सांगावी लागेल. लग्नानंतर दोन वर्षांत मी माहेरी परत आले. त्या घरात दूध उतू गेलं तर ते माझ्यामुळे, लाईट गेली तर माझ्यामुळे, सासऱ्यांचा खोकला वाढला तरी माझ्याच पायगुणामुळे. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. माझा दादा तेव्हा भोपाळला, करोंदच्या धान्य मंडईत एका आडत्याकडे तोलाई बघायचा. तो मला घेऊन आला. "चाल, चार दिवस हवापालट," म्हणाला. चार दिवसांचे महिने झाले. वहिनी काही बोलायची नाही, आणि न बोलण्याचीच मला जास्त भीती वाटायची. भांडी वाजू नयेत म्हणून मी ती एकेक करून खाली ठेवायची.

प्रभाताई भेटल्या त्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला. तुळशीनगरला सरकारी क्वार्टरमध्ये वहिनीच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब राहायचं, तिथे. खोलीत बायकांची दाटी. एक बाई पन्ह्याचा पेला घेऊन वळली आणि अख्खा पेला माझ्या मांडीवर सांडला. मी पटकन उठले आणि म्हणाले, "सॉरी, सॉरी, चुकलं माझं." पदरानं फरशी पुसायला लागले. पुन्हा सॉरी म्हणाले. घरच्या बाईंना वेगळं सॉरी म्हणाले.

भिंतीला टेकून एक उंच, सडपातळ बाई आंब्याची डाळ खात होत्या. मनगटात पुरुषी घड्याळ, तेही उजव्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"एक मिनिट. पन्हं हिनं सांडलं. साडी तुझी भिजली. आणि माफी तूच मागून राहिलीस? चक्कर काय आहे?"

"नाही, मीच मध्ये बसले होते," मी म्हणाले.

"मग काय भिंतीत बसायचं होतं?"

सगळ्या हसल्या. जिनं सांडलं तीही हसली. मला रडू यायला लागलं. त्यांनी ते पाहिलं, पण समजूत वगैरे काढली नाही. विचारलं, "शिवणकाम येतं?"

"थोडं थोडं."

"थोडं म्हणजे? सरळ टीप मारता येते?"

"हो."

"मग तेवढंच सांगायचं. टीप येते. थोडं थोडं काय लावलंयस, डाळीत मीठ आहे का ते?" आणि वहिनीकडे वळून म्हणाल्या, "हिला सोमवारी अरेरा कॉलनीत पाठवा. जेवण करून पाठवा, मी खायला घालत नाही."

हे शेवटचं खोटं होतं. खायला त्या घालायच्या, पण कबूल करायच्या नाहीत.

अरेरा कॉलनीत एका बंगल्याच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजात त्यांचं पडद्यांचं काम चालायचं. मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीशी मशिनी, कोपऱ्यात रॉड आणि कड्या, आणि वर जिन्यानं जायची एक रिकामी खोली. यजमान सरकारी कचेरीत होते, ते वारल्यावर ताईंनी हे सुरू केलं. मूलबाळ नाही. हे सगळं मला इतरांकडून कळलं, कारण त्या स्वतःबद्दल बोलायच्या नाहीत. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "मी लेट आहे, तू लेट आहेस, पडदा लेट आहे. पहिले तो निपटव."

त्यांचं मराठी असंच होतं. सुरुवातीला मला वाटायचं ह्या रागावून हिंदीत शिरतात. तसं नव्हतं. रागावल्या की उलट शुद्ध मराठीत यायच्या, आणि मग आम्ही माना खाली घालून मशीन चालवायचो.

आम्ही म्हणजे मी आणि कमलेश, सीहोरकडची. बाहेर जाऊन रॉड ठोकायचं काम रईसभाईंचं. जुन्या भोपाळचे, वयानं ताईंच्या बरोबरीचे, ड्रिल मशीन लेकरासारखं कडेवर घेऊन चालणारे. ताई आणि रईसभाई यांचं रोज भांडण. ते म्हणायचे, "बाजी, दीवार टेढ़ी है, मैं क्या करूँ?" ताई म्हणायच्या, "दीवार टेढ़ी है तो बताओ कि टेढ़ी है. पर्दे को क्यों बदनाम करते हो?" मग दोघं एकाच ताटलीतली शेव खायचे.

ताईंच्या कामाची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रत्येकीचा एक रंगाचा दोरा ठरलेला. पडदा शिवून झाला की खालच्या दुमडीत, आतल्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात शिवणारीनं आपल्या दोऱ्याचे टाके घालायचे. डाव्या कोपऱ्यात कापणारीचे. कापायच्या एकट्या ताई, म्हणून डाव्या कोपऱ्यात कायम पांढरा. गिऱ्हाईकाला ते दिसायचं नाही. पण पडदा कधी परत आला, टीप उसवली, चुण्या सुटल्या, की ताई आधी कोपरा उलटा करून बघायच्या. जिचा दोरा, तिनं त्या घरी स्वतः जायचं. जाऊन सांगायचं, हा मी शिवलाय, मी दुरुस्त करून देते.

मला दोरा निवडायला सांगितला तेव्हा मी राखाडी उचलला.

"हा का?"

"कुठल्याही कापडात मिसळून जाईल."

ताईंनी तो काढून घेतला. "मिसळायचंच असतं तर टाके कशाला घालते? दुसरा घे."

मी हिरवा घेतला. पोपटी हिरवा, लांबूनही दिसणारा. घेतला आणि लगेच वाटलं, फार भडक झाला का? पण तोवर ताई मशिनीकडे वळल्या होत्या.

कमलेशचा दोरा गुलाबी. ती मला हळूच म्हणाली, "डर मत. गुलाबी मैंने भी रो-रो के लिया था."

मापं घ्यायला ताई स्वतः जायच्या आणि मला बरोबर न्यायच्या. फोनवर कोणी खिडकीचं माप सांगायला लागलं की त्या फोन कानापासून लांब धरायच्या. "जी, जी, पर हम ख़ुद आएँगे." फोन ठेवून मला सांगायच्या, "दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर कात्री लावायची नाही. चुकलं तर तो म्हणणार मी बरोबर सांगितलं होतं, तू म्हणणार मी बरोबर कापलं. आणि खिडकी तिथं उघडी." एकदा त्यांच्या सख्ख्या बहिणीनं ग्वाल्हेरहून माप कळवलं, तर त्यांनी पडदे शिवले नाहीत ते नाहीतच. बहीण पुढे किती तरी दिवस रुसली होती म्हणे.

अरेरा कॉलनीतली मोठाली घरं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी चपला फाटकाबाहेर काढल्या. ताई आत जाऊन परत आल्या. "या इथं काढायला हे देऊळ आहे का? दाराशी काढ, सगळे काढतात तिथं." आतून नोकरानं आवाज दिला, "मैडम, पर्दे वाली आई हैं." ताई सरळ दिवाणखान्यात गेल्या आणि म्हणाल्या, "नमस्ते. मैं प्रभा लघाटे. ये रंजना सोळंके. पर्दे हम दोनों बनाते हैं."

हम दोनों. मला तेव्हा धड कडीसुद्धा बसवता येत नव्हती. नाव पूर्ण ऐकून मला कसंतरीच झालं. माझं आख्खं नाव शाळेच्या हजेरीनंतर कोणी घेतलं नव्हतं.

त्या बाईंनी "बैठिए" म्हटलं. ताई बसल्या. मी उभीच.

"बस," ताई मराठीत म्हणाल्या.

"मी बरी आहे उभी."

"बरी आहेस ते माहीत आहे. त्यांनी दोघींना बसा म्हटलंय. तू उभी राहिलीस तर त्यांना वाटेल मी तुला उभं ठेवलंय. माझी बदनामी कशाला करतेस?"

मी सोफ्याच्या कडेवर बसले, कबुतर बसतं तशी. बाहेर आल्यावर त्या स्कूटीला किक मारत म्हणाल्या, "उद्यापासून पूर्ण बसायचं. सोफा तोच आहे, अर्धा वापरला म्हणून कुणी शाबासकी देत नाही."

त्यांच्यात खोड्याही होत्या, त्या लपवत नाही. स्तुती त्यांच्या तोंडून निघायची नाही. चांगलं शिवलं तर "हं", वाईट शिवलं तर "हं?" एवढाच फरक. चहात साखर बंद म्हणून सांगायच्या आणि माझ्या कपातून घोट घ्यायच्या. कोणी हात धरून नाली ओलांडायला मदत केली की हात झटकायच्या. आणि सगळ्या जगाला आपापली जबाबदारी घ्यायला लावणारी ही बाई स्वतःच्या डोळ्यांचं नाव काढू द्यायची नाही. सुई ओवायला कमलेशला द्यायच्या आणि म्हणायच्या, "आजकालच्या सुयांची भोकंच बेकार." संध्याकाळी स्कूटी हळू हळू, रस्त्याच्या कडेकडेनं. रईसभाई म्हणायचे, "बाजी, आँख दिखा लो." ताई म्हणायच्या, "पहिले तुम्ही तुमचा घुटना दाखवा." रईसभाई आपला दुखरा गुडघा डॉक्टरला दाखवायचे नाहीत, म्हणून ताई डोळे दाखवायच्या नाहीत. असा त्यांचा हिशेब.

त्याच सुमारास दादाला गावाकडे, मेहकरलाच, एका कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. वहिनी आनंदली. सामान बांधायला सुरुवात झाली. दादा मला म्हणाला, "रंजे, तुले जमन का इथं एकटीले? नाही तं चाल आमच्यासंगं. तिकडं काही ना काही निघन." तिकडे काय निघणार ते मला माहीत होतं. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं आणि "हीच का ती" हे ऐकायचं. मला इथे राहायचं होतं. पण राहायला जागा पाहिजे आणि काम पक्कं पाहिजे. वरची खोली रिकामी होती. विचारायचं धाडस होईना. मी रोज विचारायचं ठरवून जायची आणि रोज टेबल झाडून परत यायची.

शेवटी ताईंनीच विचारलं. "तुझा भाऊ जातोय म्हणे. तू?"

मी म्हणाले, "वरची खोली..." आणि खालच्या चिंध्या गोळा करायला लागले.

ताई म्हणाल्या, "वाक्य पूर्ण झालं की सांग." आणि कात्री चालवत राहिल्या.

मी वाक्य पूर्ण करायच्या आत ते मखमलीचं काम आलं.

अरेरा कॉलनीतलंच घर. मुलीचा साखरपुडा घरीच होता. दिवाणखान्याची पूर्वेकडची मोठी खिडकी, तिला गर्द लाल मखमलीचे दोन पल्ले. कापड ताईंनी चौक बाजारातून स्वतः आणलं. मखमलीला बारीक लव असते. हात एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत, उलट्या बाजूनं फिरवला तर अडते. त्यामुळे दोन्ही पल्ले कापताना लवेची दिशा एकच ठेवावी लागते. एक पल्ला जर उलटा कापला गेला तर कापड तेच, रंग तोच, पण उजेडात एक पल्ला काळपट दिसतो आणि दुसरा विटका. हे मला ताईंनीच शिकवलेलं. त्या लव डोळ्यांनी ओळखायच्या, कापड उजेडाकडे तिरकं धरून. तसंच धरून त्यांनी त्या दिवशीही बघितलं, आणि कापलं.

शिवायला माझ्याकडे आलं. पहिला पल्ला मशिनीवर सरकला तसा दुसरा सरकेना. तळहाताला काहीतरी वेगळं लागत होतं. मी हात वरून खाली फिरवला, खालून वर फिरवला. मग उठून ताईंकडे गेले.

"ताई, हे उलटं तर नाही ना?"

ताईंनी वर पाहिलं. शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तू मला मखमल शिकवणार आहेस का? जाऊन शीव."

मी म्हणाले, "चुकलं माझं," आणि जाऊन शिवलं. उजव्या कोपऱ्यात हिरवे टाके घातले. डाव्या कोपऱ्यात ताईंनी पांढरे. रईसभाईंनी दिवेलागणीच्या सुमारास पडदे लावले. ट्यूबलाईटखाली छान दिसले.

सकाळी आम्ही गॅरेज उघडतो न उघडतो तोच फोन आला. ताई, मी आणि रईसभाई गेलो. खिडकीतून ऊन आलं होतं आणि लांबूनच दिसत होतं. एक पल्ला जांभळ्याकडे झुकलेला, दुसरा धुऊन धुऊन फिका पडल्यासारखा. जणू दोन घरांतून मागून आणले होते. रईसभाई पुटपुटले, "या अल्लाह, रोआँ उल्टा है." लव उलटी होती.

घरच्या मॅडम फार चिडल्या होत्या, आणि चिडणं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. "किसने बनाया है यह?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या पडद्याजवळ गेल्या होत्या आणि तो हातात धरून नुसत्या बघत होत्या. तिरका धरून, मग जवळ नेऊन, मग डोळे मिटून हात फिरवून. तेव्हा मला कळलं की त्यांना फरक दिसत नव्हता. एवढ्या उन्हात दिसत नव्हता. हात फिरवल्यावर कळला.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मैडम, मेरी ग़लती है. मैंने सिला है. माफ़ कर दीजिए." मी पल्ल्याचा उजवा कोपरा उलटून हिरवे टाकेसुद्धा दाखवले. मनात होतं, ताईंची अब्रू तरी राहील. आणि हेही होतं की आता वरची खोली गेली, दादाबरोबर जायचं, काही हरकत नाही, सवय आहे.

मॅडम ताईंना म्हणाल्या, "देखिए, आप पुरानी हैं, आपसे शिकायत नहीं. इस लड़की को हटाइए. नए लोगों से काम करवाती हैं, फिर यही होता है."

इथे दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. मी स्वतः गुन्हा कबूल करून बसले होते, गिऱ्हाईक मोठं होतं, आणि गप्प बसायला काहीही लागणार नव्हतं.

ताईंनी पल्ल्याचा डावा कोपरा उलटा केला. "मैडम, यह सफ़ेद धागा देखिए. यह मेरा है. जिसने काटा, उसका धागा. ग़लती सिलाई में नहीं है, कटाई में है. कपड़ा मैंने उल्टा काटा. इसने मुझसे पूछा था, दीदी उल्टा तो नहीं? मैंने डाँट के भगा दिया. अब आप बताइए, हटाना किसको है?"

 बाजूला मॅडमचे सासरे पेपर वाचत बसले होते, त्यांनी पेपर खाली केला.

मग ताई माझ्याकडे वळल्या, आणि सगळ्यांसमोर मराठीत बोलल्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. "माझी चूक उचलायला तुला कुणी सांगितलं? तुझ्याजवळ जागा जास्त झालीय का, दुसऱ्याचं सामान ठेवायला? तुझी असती तर तुझ्या गळ्यात मीच घातली असती. ही माझी आहे. माझी मला दे."

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं मला वाचवावं. मी काय बुडतेय? चूक झालीय, दुरुस्त करायचीय. दोन्ही मला येतं."

रईसभाई स्टुलावर चढून गुपचूप पडदा उतरवायला लागले.

ताई मॅडमना म्हणाल्या, "शाम तक लगा देंगे. पल्ला ऊपर-नीचे पलट जाएगा. पुराने टाँकों के निशान नीचे की पट्टी में छिप जाएँगे. एक बात और. अब सीधा-उल्टा यह देखेगी. मेरी आँख से ज़्यादा इसके हाथ को पता है."

हे वाक्य त्यांनी पडद्याच्या कड्या मोजत असल्यासारखं, सहज म्हटलं. मला ते कळायला गॅरेजपर्यंतचा रस्ता लागला.

दिवसभर मी तो पल्ला उसवला. मखमल उसवणं म्हणजे हळू काम, जरा ओढलं की लव निघून येते आणि टक्कल दिसतं. वरच्या चुण्यांमागची ताठ बक्रमची पट्टी काढली, खालची दुमड सोडली, पल्ला उलटा केला आणि सगळं नव्यानं शिवलं. ताई शेजारी स्टुलावर बसून होत्या. एकदाही टेबलाकडे गेल्या नाहीत. मधेच म्हणाल्या, "काल तू दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावलात."

"हां. तेही माझंच." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण पुढच्या वेळी मी रागावले तरी सांग. माझा राग माझ्याजवळ राहू दे, तू मखमल बघ."

संध्याकाळी पडदे लागले. दुसऱ्या सकाळी मी एकटी, कोणी न सांगता, उन्हात ते बघायला गेले. सारखे होते. मॅडमनी चहा दिला. मी पूर्ण सोफ्यावर बसले.

तिथून परत आले तेव्हा ताई गॅरेजच्या दाराशी उभ्या होत्या. मी चपलाही काढल्या नव्हत्या. म्हणाले, "ताई, वरची खोली मला पाहिजे. दादा गेला तरी मी इथं राहणार. आणि दुसरं, तुम्ही आज डोळे दाखवायला जाणार."

"हं?" ताई म्हणाल्या.

"मी हात धरून नेणार नाही. तुमचे डोळे आहेत, तुम्ही जायचं. स्कूटीवर नाही, रिक्षानं."

आतून कमलेशची मशीन थांबली. रईसभाईंनी शेवेची पुडी तशीच हातात धरली. ताई आत जाऊन पर्स घेऊन आल्या. "खोलीचा पंखा आवाज करतो," म्हणाल्या, आणि रिक्षा बघायला गल्लीच्या टोकाला गेल्या.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नाही, आहे ती औषधानं टिकवायची. ताईंनी हे आम्हाला चहा पिता पिता सांगितलं, रॉड संपले आहेत हे सांगावं तसं. मग म्हणाल्या, "माझंच आहे. पहिले गेले असते तर जास्त राहिलं असतं. रईसभाई, आता तरी घुटना दाखवा." आणि मोठी कात्री टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवली. मी ती लगेच उचलली नाही. रात्री झोपेत मला मखमल उलटी कापल्याची स्वप्नं पडायची, अजूनही पडतात. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण आता भीती वाटली की मी हात फिरवून बघते.

दादा गेला त्या दिवशी बसपर्यंत पोचवायला गेले. वहिनी बसच्या खिडकीतून म्हणाली, "येत जा गं सणाला." तिचे डोळे भरले होते. इतके महिने मी तिच्या गप्प राहण्याला घाबरत होते. ती बिचारी स्वभावानंच गप्प होती.

ताई त्यानंतरही बराच काळ गॅरेजात येत राहिल्या. स्टुलावर बसून कापडावरून हात फिरवायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायच्या, रईसभाईंशी भांडायच्या. मग त्यांच्या घरचे जिने अवघड व्हायला लागले, आणि ग्वाल्हेरच्या बहिणीनं, त्याच रुसलेल्या, हट्टच धरला. ताई जायला तयार झाल्या. म्हणाल्या, "तिच्या खिडक्यांना अजून पडदे नाहीत. माझ्यावरच्या रागानं लावले नाहीत म्हणे. आहे की नाही वेडी?"

स्टेशनवर आम्ही तिघं गेलो होतो. रईसभाईंनी सामान चढवलं, घुटना धरत. ताई खिडकीजवळ बसल्या. गाडी सुटायला थोडा वेळ होता. मी डब्यात चढून त्यांच्याजवळ उभी होते, जुन्या सवयीनं म्हणाले, "ताई, काही चुकलं असेल तर माफ..."

"काय चुकलं?" त्यांनी लगेच विचारलं.

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"मग उतर खाली, गाडी सुटेल."

खाली उतरून काचेतून पाहिलं तर त्या डब्याच्या खिडकीचा पडदा चाचपत होत्या. बोटांनी खालची दुमड शोधली, कोपरा उलटा केला, डावा, मग उजवा. तोंड वाकडं केलं. माझ्याकडे बघून, म्हणजे मी असेन त्या दिशेला बघून, मान हलवली आणि हातानं खूण केली. दोरा नाही. कुणाचाच नाही. गाडी हलली तरी त्यांनी तो पडदा सोडला नव्हता.

परवा मी फोन केला होता. म्हटलं, "ताई, तुमच्या खोलीच्या खिडकीचं माप सांगा, पडदे पाठवते." 

"रंजना सोळंके," त्या म्हणाल्या, शुद्ध मराठीत, "मी सांगितलेल्या मापावर तू कात्री लावणार? सगळं विसरलीस?"

विसरले नाही ताई. हातातली कामं निपटली की मी ग्वाल्हेरला येते, माझी टेप घेऊन. तुमच्या खिडकीचं माप मी स्वतः घेईन आणि पडदे मखमलीचे करीन, कारण मखमल हातानं बघता येते. डाव्या कोपऱ्यात हिरवा दोरा असेल, उजव्या कोपऱ्यातही हिरवा. तुम्ही वरून खाली हात फिरवून बघा. कुठे उलटं लागलं तर सांगा. मी तिथेच, तुमच्या समोर बसून उसवीन.